पाच उन्हाळ्यांचा हिशेब : अमेरिकी महाविद्यालयांतील उन्हाळी संशोधनवृत्तीची स्पर्धा

मे महिन्याच्या मध्यास अमेरिकेतील महाविद्यालयांचे पदवीदान समारंभ आटोपतात, वसतिगृहे रिकामी होतात आणि आवारात शांतता पसरते. याच सुमारास महाराष्ट्रातून मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : आता ऑगस्टपर्यंत सुट्टी, आणि तीही पगारी ना? प्राध्यापकी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. सुट्टी आहे, पण काम थांबलेले नाही. काम आहे, पण त्याचा पगार नाही. आणि हेच बिनपगारी काम पुढे नोकरी टिकेल की नाही हे ठरवणार असते.

ही विसंगती भरून काढण्यासाठी अमेरिकेत उन्हाळी संशोधनवृत्तीची व्यवस्था उभी राहिली आहे. ती सर्वांना मिळत नाही. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, सहकाऱ्यांशीच स्पर्धा करावी लागते आणि बहुतेक वेळा तिचा निकाल उन्हाळ्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांना या व्यवस्थेची पहिली ओळख अंतिम मुदत उलटून गेल्यावर होते. म्हणून ती मुळापासून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

नऊ महिन्यांचा पगार

अमेरिकेतील चार वर्षांच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत पूर्णवेळ प्राध्यापकाची नेमणूक सामान्यतः नऊ महिन्यांची असते. ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे अध्यापन, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन आणि समित्यांचे काम यांचा तो मोबदला असतो. पुष्कळ संस्था ही रक्कम बारा हप्त्यांत विभागून देतात. त्यामुळे जूनमध्येही बँकेत पैसे जमा होतात आणि पगार बारमाही असल्याचा भास होतो. वास्तविक ती हिवाळ्यात केलेल्या कामाची राखून ठेवलेली रक्कम असते.

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयातला पूर्णवेळ प्राध्यापक बारा महिन्यांच्या वेतनावर असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या मागे उत्तरपत्रिकांची तपासणी लागलेली असली, तरी पगाराची चिंता नसते. तेथून आलेल्या माणसाला अमेरिकी करारातील नऊ महिन्यांची तरतूद नेमणूकपत्र वाचताना सहसा खटकत नाही. तिचा अर्थ पहिल्या मे महिन्यात कळतो.

या पद्धतीत उन्हाळ्यातील एका महिन्याची किंमत वार्षिक पगाराच्या नवव्या हिश्श्याइतकी धरली जाते. समजा, एखाद्या साहाय्यक प्राध्यापकाचा नऊ महिन्यांचा पगार ७२,००० डॉलर आहे. त्याच्या उन्हाळ्यातील एका महिन्याची किंमत ८,००० डॉलर होते आणि दोन महिन्यांची १६,००० डॉलर. ही रक्कम त्याला कोणी देऊ केलेली नसते. ती मिळवायची असेल तर मार्ग दोनच. एक, उन्हाळी सत्रात वर्ग घेणे. दुसरा, संशोधनासाठी बाहेरून किंवा संस्थेतून निधी मिळवणे.

पहिला मार्ग सोपा दिसतो. परंतु उन्हाळी वर्गात पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम पाच-सहा आठवड्यांत उरकावा लागतो, वर्ग जवळजवळ रोज असतो आणि संशोधनासाठी लागणारा सलग वेळ त्यातच संपतो. घराचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता भरण्यासाठी पहिल्याच वर्षी उन्हाळी वर्ग घेणारा प्राध्यापक एका अर्थी पुढच्या काही वर्षांतील लेखनातून उसनवारी करत असतो.

पाच उन्हाळे, त्यांतले खरे किती?

येथे टेन्युअरचे गणित आड येते. टेन्युअर म्हणजे प्राध्यापकपदाचे कायमपण. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेने मान्य केलेल्या १९४० च्या निवेदनानुसार परिवीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक असू नये. बहुतेक संस्था तीच चौकट पाळतात आणि सहाव्या वर्षी प्रकरण निर्णयासाठी घेतात. निर्णय प्रतिकूल लागला, तर सातवे वर्ष हे नोकरीचे शेवटचे वर्ष ठरते.

ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या माणसाच्या वाट्याला सहाव्या वर्षाआधी पाच उन्हाळे येतात. त्यांपैकी पाचव्या उन्हाळ्यात त्याचे प्रकाशित साहित्य बाहेरच्या तज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी पाठवले जाते. म्हणजे त्या उन्हाळ्यात केलेले नवे काम हिशेबात येत नाही. चौथ्या उन्हाळ्यात लिहिलेला लेख नियतकालिकाकडे गेला, परीक्षकांकडून परत आला, सुधारला आणि स्वीकारला गेला, तरी त्याला सहज वर्षभर लागू शकते. विद्यापीठ मुद्रणालयाकडे दिलेल्या पुस्तकाला त्याहून अधिक. खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे उन्हाळे उरतात तीन, फार तर चार.

अध्यापनावर भर असलेल्या महाविद्यालयात ही टंचाई अधिक जाणवते. प्रत्येक सत्रात तीन किंवा चार अभ्यासक्रम शिकवणाऱ्याला सप्टेंबर ते मे या काळात तपासायच्या वह्यांखेरीज फारसे काही दिसत नाही. तरीही अशा महाविद्यालयांतून मोलाचे संशोधन झाले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दलित चळवळ यांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्राला परिचित असलेल्या एलिनॉर झेलियट यांनी आपली अध्यापनाची कारकीर्द मिनेसोटातील कार्लटन कॉलेज या पदवीपुरत्या शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात घडवली. अशा संस्थांत संशोधनाची इच्छा असते, कुवत असते, पण सलग वेळ फक्त उन्हाळ्यात मिळतो. उन्हाळी निधीची स्पर्धा खरे तर या वेळेसाठीच असते. पैसा हा तो वेळ मोकळा ठेवण्याचा मार्ग.

निधी कोठून येतो

या निधीचे ढोबळमानाने तीन स्रोत आहेत.

पहिला स्रोत स्वतःची संस्था. बहुतेक महाविद्यालयांत डीन किंवा प्रोव्होस्ट यांच्या कार्यालयामार्फत उन्हाळी संशोधनवृत्ती दिली जाते. रक्कम सहसा काही हजार डॉलरची असते. अर्ज शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात मागवले जातात. निर्णय प्राध्यापकांचीच समिती घेते. वृत्ती मिळाली तर त्या उन्हाळ्यात वर्ग घेता येणार नाही किंवा एकच घेता येईल, अशी अट अनेक ठिकाणी असते. शरद ऋतूत अहवाल द्यावा लागतो आणि तो न दिल्यास पुढच्या अर्जाचा विचार होत नाही.

दुसरा स्रोत मानव्यविद्यांसाठीचा. १९६५ मध्ये स्थापन झालेली नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही केंद्र सरकारची संस्था इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, धर्म, भाषा अशा विषयांतील अभ्यासकांना उन्हाळी संशोधनवृत्ती देत आली आहे. सलग दोन महिने पूर्णवेळ संशोधन, ही तिची मुख्य अट. अनेक वर्षे तिची रक्कम ६,००० डॉलर होती. अलीकडे ती ८,००० डॉलर करण्यात आली. वर घेतलेल्या उदाहरणाशी ताडून पाहिले, तर ही रक्कम दोन महिन्यांच्या पगाराच्या निम्मी भरते. तरी तिची प्रतिष्ठा मोठी आहे, कारण दर दहा अर्जांमागे साधारण एकाच्या वाट्याला ती येते.

या वृत्तीतील एक तरतूद नवख्यांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला आपल्या प्राध्यापकांपैकी फक्त दोघांची नावे पाठवता येतात. त्यामुळे खरी पहिली फेरी संस्थेच्या आतच होते. केंद्रीय संस्थेची मुदत सप्टेंबरमध्ये असेल, तर महाविद्यालयातील निवड त्याच्या काही आठवडे आधी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात किंवा सत्र सुरू होता होता उरकते. ऑगस्टमध्ये नव्या गावी सामान उतरवत असलेल्या प्राध्यापकाची पहिली संधी अशी नकळत निघून जाते.

तिसरा स्रोत विज्ञान आणि अभियांत्रिकीचा, आणि त्याची रीत निराळी आहे. तेथे उन्हाळ्याचा पगार संशोधन अनुदानाच्या अंदाजपत्रकातच मागितला जातो. १९५० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या सर्वसाधारण धोरणानुसार मुख्य संशोधकाला त्या संस्थेच्या सर्व अनुदानांतून मिळून वर्षाला दोन महिन्यांच्या नियमित पगारापर्यंत रक्कम मागता येते. येथे रक्कम ठरावीक नसून पगाराच्या प्रमाणात असते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला दोन महिन्यांचे पूर्ण वेतन मिळते आणि त्याच मजल्यावरच्या इतिहासाच्या प्राध्यापकाला ठोक ८,००० डॉलरसाठी देशभरातील अभ्यासकांशी स्पर्धा करावी लागते, असे चित्र दिसते ते यामुळे. विज्ञानशाखेत रुजू होतानाच्या वाटाघाटींत पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांचा पगार मागण्याची प्रथाही आहे. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ही मागणी करता येते, नंतर नाही.

स्वतःची प्रयोगशाळा लहान असलेल्यांसाठी याच फाउंडेशनचे एक पूरक अनुदान आहे. पदवीप्रधान महाविद्यालयातील प्राध्यापकाला अन्य विद्यापीठातील अनुदानप्राप्त संशोधकाच्या प्रकल्पात सहभागी होता यावे, हा त्याचा हेतू. याशिवाय ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत उन्हाळ्याचे दहा आठवडे काम करण्याचा अभ्यागत प्राध्यापक कार्यक्रम आहे. नौदल आणि हवाई दल यांच्या संशोधन संस्थाही प्राध्यापकांना उन्हाळ्यासाठी बोलावतात.

भारतातही या कल्पनेची एक शाखा आहे. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. ती विद्यार्थ्यांसाठी म्हणून ओळखली जात असली, तरी महाविद्यालयीन शिक्षकांनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो. फरक इतकाच की तेथील शिक्षकाचा नियमित पगार चालू असतो आणि वृत्ती त्याला चांगल्या प्रयोगशाळेचे दार उघडून देते. अमेरिकेत वृत्ती दार उघडते आणि चूलही पेटती ठेवते.

पासपोर्ट आणि व्हिसा

भारतीय वंशाच्या प्राध्यापकांसाठी पात्रतेचा प्रश्न गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा ठरतो. ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांतील अभ्यागत प्राध्यापक कार्यक्रमासाठी अमेरिकी नागरिकत्व किंवा कायम निवासाचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, आवश्यक असते. लष्करी संशोधन संस्थांचे नियमही असेच कडक आहेत. भारतात जन्मलेल्यांना ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. परिणामी टेन्युअरपूर्वीच्या नेमक्या त्या पाच उन्हाळ्यांत हा पर्याय अनेकांसाठी बंद असतो.

मानव्यविद्यांच्या केंद्रीय वृत्तीची अट तुलनेने सैल राहिली आहे. परदेशी नागरिक अर्जाच्या अंतिम मुदतीपूर्वी सलग तीन वर्षे अमेरिकेत राहत असेल, तर तो पात्र धरला जातो. अमेरिकेतच पीएच.डी. केलेल्या प्राध्यापकाची ही अट सहसा आधीच पूर्ण झालेली असते. तरीही अनेक जण नागरिकत्व लागेल या समजुतीने अर्जच करत नाहीत.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा व्हिसा विशिष्ट मालकाकडील विशिष्ट कामासाठी असतो. स्वतःच्या महाविद्यालयाने पगारपटावरून दिलेली उन्हाळी वृत्ती त्या चौकटीत बसते. दुसऱ्या संस्थेने थेट व्यक्तीच्या नावे दिलेली रक्कम, किंवा दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन करायचे काम, यांचा विचार वेगळा करावा लागतो. अर्ज करण्याआधीच महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारून लेखी उत्तर घेणे श्रेयस्कर. वृत्ती जाहीर झाल्यावर विचारले, तर नकाराची नामुष्की वाट्याला येऊ शकते.

समिती काय वाचते

स्पर्धेतील यशापयश बरेचसे प्रस्तावावर अवलंबून असते आणि प्रस्ताव कोण वाचतो याचा विसर पडल्याने चांगले अभ्यासकही मागे पडतात. महाविद्यालयाच्या समितीत जीवशास्त्र, संगीत, अर्थशास्त्र, नाट्य अशा विभागांचे प्राध्यापक बसलेले असतात. समजा, त्यांच्याकडे वाटायला ६०,००० डॉलर आहेत आणि प्रत्येक वृत्ती ५,००० डॉलरची आहे. बारा जणांना देता येईल आणि अर्ज आले आहेत तीस. संध्याकाळी घरी बसून हे अर्ज वाचणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला 'बखर', 'अभंग' किंवा 'मोडी' हे शब्द ठाऊक नसतात. ते त्याला ठाऊक असावेत अशी अपेक्षा ठेवून लिहिलेला प्रस्ताव तो बाजूला ठेवतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो, त्याला त्या कामाचे मोल मापताच येत नाही.

म्हणून पहिल्या परिच्छेदातच तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. प्रश्न काय आहे? तो आजवर का सुटला नाही? या उन्हाळ्यात नेमके काय हाती येईल? 'संतपरंपरेतील स्त्रियांच्या वाणीचा सखोल अभ्यास' हे शीर्षक भारदस्त आहे, परंतु ते आयुष्यभराचे काम आहे. त्याऐवजी 'जनाबाईंच्या नावावर छापल्या गेलेल्या अभंगांच्या तीन संग्रहांची तुलना करून पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा पूर्ण करणे' असे लिहिले, तर परीक्षकाला काम दिसते आणि त्याचा शेवटही दिसतो. आठ आठवड्यांत मावेल एवढेच सांगावे. समितीतील अनुभवी माणसे अवास्तव आश्वासनावर लगेच बोट ठेवतात, कारण त्यांचेही उन्हाळे असेच संपलेले असतात.

केंद्रीय वृत्तीसाठीची चौकट अधिक काटेकोर आहे. मुख्य निवेदन तीन पानांत बसवावे लागते. सोबत एका पानाची संदर्भसूची, संक्षिप्त परिचय आणि दोन शिफारसपत्रे. अर्ज प्रथम तज्ज्ञांच्या गटाकडे जातात, मग संस्थेच्या राष्ट्रीय परिषदेकडे, आणि अंतिम निर्णय अध्यक्षांचा असतो. ज्यांना नकार मिळतो त्यांना परीक्षकांचे शेरे मागवता येतात. पहिल्या नकारानंतर ते मागवून घ्यावेत आणि त्यांच्या आधारे दुसऱ्यांदा अर्ज करावा. एका वाक्यातील संदिग्धता तीनही परीक्षकांना खटकली होती, हे शेरे वाचल्यावरच कळते.

आठवड्यांची योजना लिहिताना प्रवास, सुट्ट्या आणि आजारपण यांना जागा ठेवावी. खर्चाचा तक्ता मागितला असेल, तर प्रत्येक ओळीचा कामाशी संबंध एका वाक्यात सांगावा. विभागप्रमुखाचे पत्र लागत असेल, तर त्यांना प्रस्ताव दोन आठवडे आधी द्यावा. आदल्या रात्री मागितलेले पत्र तसेच वाचले जाते. आधी मिळालेल्या वृत्तीतून काय निष्पन्न झाले, ही माहिती तर सर्वांत वजनदार ठरते. छोट्या रकमेतून एखादा लेख पूर्ण करून दाखवणाऱ्याला पुढची रक्कम देणे समितीला सोपे जाते.

महाराष्ट्रात जाऊन करायचे काम

मराठी प्राध्यापकांपैकी काहींचे संशोधनक्षेत्रच महाराष्ट्र असते. कोणी पेशवेकालीन कागदपत्रे पाहतो, कोणी गिरणी कामगारांच्या वस्त्यांचा इतिहास लिहितो, तर कोणी पश्चिम घाटातील वनस्पतींचा अभ्यास करतो. अमेरिकेचा उन्हाळा म्हणजे महाराष्ट्राचा पावसाळा, ही गोष्ट त्यांच्या योजनेत प्रथम यावी. वारीवर काम करणाऱ्याला ज्येष्ठ-आषाढ सोयीचे पडतात. सह्याद्रीत पायी फिरून नमुने गोळा करायचे असतील, तर जुलैतील घाट साथ देतोच असे नाही. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, पुण्याचे पेशवे दफ्तर, मुंबईतील राज्य अभिलेखागार या ठिकाणी काम करायचे असेल, तर सार्वजनिक सुट्ट्या आणि परवानगीची पत्रे यांचा हिशेब निघण्यापूर्वी व्हायला हवा.

परवानगीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ओसीआय कार्ड असले की भारतात काहीही करता येते, अशी अनेकांची समजूत असते. भारत सरकारने मार्च २०२१ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात संशोधन करण्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी प्राध्यापकाने प्रस्तावात 'जून आणि जुलै पुण्यात' असे लिहिले, तर ही परवानगी केव्हा आणि कशी मिळेल हेही त्याने ठरवलेले असावे. भारतीय पासपोर्ट असलेल्याला हा अडथळा नसतो. परतीच्या प्रवासासाठी व्हिसाचा शिक्का मात्र वैध आहे ना, हे त्याला पाहावे लागते. शिक्क्याची भेट वेळेवर मिळाली नाही, तर ऑगस्टमधील पहिला वर्ग चुकण्याची वेळ येते.

भारतविषयक संशोधनासाठी १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्वतंत्र फेलोशिप देते. पुण्यात तिचा मराठी भाषेचा अभ्यासक्रमही चालतो. तिच्या अल्पमुदतीच्या फेलोशिप उन्हाळ्याला जुळवून घेता येतात आणि संशोधनाच्या परवानगीची प्रक्रियाही तिच्यामार्फत होते.

या साऱ्यात घरचा भागही असतो. बहुतेक मराठी प्राध्यापकांना आईवडिलांना भेटायला उन्हाळाच मिळतो. पूर्णवेळ संशोधनाच्या अटीवर वृत्ती घेतली की दोन महिने त्या कामाशी बांधील राहावे लागते. पुण्याच्या अभिलेखागारात बसून संध्याकाळी आईच्या हातचे जेवायचे, असा योग ज्यांच्या विषयात आहे ते भाग्यवान. ओहायोतील प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्याला तो योग नाही. त्याने आठ आठवडे कोणते हे आधी ठरवले आणि वृत्तीच्या तारखा त्याप्रमाणे मागितल्या, तर ऑगस्टमधील दोन आठवडे घरासाठी वाचू शकतात. अनेक संस्था तारखांत एवढी लवचीकता देतात. ती मागावी लागते, इतकेच.

हातात किती पडते

जाहीर झालेली रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांत अंतर असते. १९८६ च्या करसुधारणा कायद्यापासून, पदवीसाठी शिकत नसलेल्या व्यक्तीला मिळणारी संशोधनवृत्ती करपात्र आहे. महाविद्यालयाने पगारपटावरून दिलेल्या रकमेतून कर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी आधीच कापली जाते. बाहेरच्या संस्थेने थेट दिलेल्या रकमेतून सहसा काहीच कापले जात नाही. तो आनंद क्षणिक ठरतो, कारण करभरणा स्वतः करायचा असतो. जून ते ऑगस्टमधील अशा उत्पन्नाचा अंदाजित हप्ता सप्टेंबरच्या मध्यास द्यावा लागतो. तो चुकला तर दंड होऊ शकतो. रक्कम येताच तिचा करापुरता भाग वेगळ्या खात्यात ठेवावा, हा साधा उपाय.

जे स्पर्धेबाहेर राहतात

ही व्यवस्था सर्वांना सारखी खुली नाही. अमेरिकी महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा वाटा प्रत्येक अभ्यासक्रमामागे ठरावीक मोबदला घेणारे अर्धवेळ शिक्षक उचलतात. त्यांना बहुतेक संस्थांच्या अंतर्गत वृत्तीसाठी अर्ज करता येत नाही. मानव्यविद्यांची केंद्रीय वृत्ती हा त्यातील अपवाद. अर्धवेळ शिक्षक आणि कोणत्याही संस्थेशी न जोडलेले अभ्यासक तेथे महाविद्यालयाच्या शिफारशीविना थेट अर्ज करू शकतात. जोडीदाराच्या नोकरीमुळे लहान गावी राहून एखाद-दुसरा वर्ग घेणाऱ्या, पण पीएच.डी. झालेल्या मराठी स्त्रिया अमेरिकेत थोड्या नाहीत. त्यांच्यासाठी ही माहिती विशेष उपयोगाची आहे.

केंद्रीय निधीवर विसंबून राहण्याला आता मर्यादा आहेत. एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजने आधी मंजूर केलेली १,४०० हून अधिक अनुदाने रद्द केली. नॅशनल सायन्स फाउंडेशनचीही अनेक अनुदाने त्याच वर्षी थांबवण्यात आली. काही प्रकरणे न्यायालयात गेली. यातून प्राध्यापकांनी घ्यायचा बोध असा की, कोणत्याही एका वृत्तीच्या भरवशावर उन्हाळ्याचे घरखर्चाचे गणित मांडू नये, आणि अर्ज करण्यापूर्वी कार्यक्रम त्या वर्षी चालू आहे का, त्याच्या अटी काय आहेत, हे संस्थेच्या अधिकृत सूचनेवरूनच पाहावे.

वर्षाचे वेळापत्रक

नव्याने रुजू होणाऱ्या प्राध्यापकासाठी या साऱ्याचा व्यवहारी अर्थ थोडक्यात सांगता येतो. नेमणूकपत्र हाती येताच उन्हाळ्याच्या पगाराची आणि संस्थेतील वृत्तीच्या मुदतीची चौकशी करावी. ऑगस्टमध्ये संशोधन कार्यालयात जाऊन केंद्रीय वृत्तीसाठीची अंतर्गत निवड केव्हा होते ते विचारावे. पहिली फेरी हुकली असली, तरी पुढच्या वर्षाची तारीख तेव्हाच नोंदवून ठेवता येते. गेल्या वर्षी वृत्ती मिळालेल्या एखाद्या सहकाऱ्याकडे त्याचा प्रस्ताव वाचायला मागावा. अमेरिकी महाविद्यालयांत असे मागण्यात संकोचाचे कारण नाही आणि सहसा कोणी नाही म्हणत नाही. ऑक्टोबरमध्ये दोन पानी मसुदा तयार करून तो मुद्दाम आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्यावा. त्याला जे वाक्य कळले नाही, ते समितीलाही कळणार नाही.

एवढे करूनही पहिल्या वर्षी नकार येणे संभवते. निधी मर्यादित असतो आणि चांगले प्रस्तावही वगळावे लागतात. परंतु तोच मसुदा पुढच्या वर्षी सुधारून पाठवता येतो, आणि नकार आलेल्या उन्हाळ्यातही, एखादा वर्ग कमी घेऊन, त्यातील एक प्रकरण लिहिता येते. सहाव्या वर्षी बाहेरच्या तज्ज्ञांपुढे जे ठेवले जाते त्यात वृत्तींची यादी असते, आणि त्यासोबत ते प्रकरणही असते. मे महिन्यात आलेल्या आईवडिलांनी सुट्टीबद्दल विचारले, तर त्यांना हा पाच उन्हाळ्यांचा हिशेब एकदा बसून समजावून सांगायला हरकत नाही.